लाल दिवा लागला तर: घरातला फायबरचा डबा समजून घेताना

दिवाळीची साफसफाई उरकली आणि बहिणीच्या घरचं इंटरनेट बंद पडलं. डब्यावर लाल दिवा मिचमिचत होता. तक्रार नोंदवून दोन दिवस झाले तरी कोणी फिरकलं नव्हतं. मी टीव्हीचं कपाट पुढे ओढलं, तर मागची पातळ पिवळी वायर भिंतीशी चेपून काटकोनात वळलेली. ती मोकळी करून सैल सोडली आणि मिनिटभरात लाल दिवा विझला.

त्या डब्याला ओएनटी म्हणतात. त्यात दोन गोष्टी येतात: अडॅप्टरमधून वीज आणि फायबरमधून प्रकाश. यांतलं काय अडलंय, हे आधी ठरवायचं.

आधी वीज बघा

पॉवरचा दिवाच लागत नसेल तर फायबरला हात लावू नका. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. तो चालला तर संशय अडॅप्टरवर.

अडॅप्टरवरचं बारीक अक्षरातलं लेबल नीट वाचा. इनपुटपुढे 100 ते 240 व्होल्ट आणि नागमोडी रेघ असते. ती एसी, म्हणजे भिंतीतली वीज. आउटपुटपुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, ती डीसी. तिथे बहुधा 12 व्होल्ट, 1 अँपिअर असं काही लिहिलेलं दिसेल. नवीन अडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कारण डबा लागेल तेवढाच करंट ओढतो. पिनचा आकार आणि मधलं टोक प्लस आहे की मायनस, याचं छोटं चित्रही जुळवा. पिन बसते म्हणून राउटरला दुसऱ्याच उपकरणाचा अडॅप्टर जोडू नका, डबा जळू शकतो. भारनियमनासाठी मिनी यूपीएस घेतानाही हाच नियम.

मग प्रकाश

पॉवर हिरवा आणि लॉसचा (डब्यावर LOS लिहिलेला) दिवा लाल, म्हणजे प्रकाश पोचत नाही. लॉस ठीक, पण पॉनचा (PON लिहिलेला) दिवा मिचमिचतोय, तर प्रकाश येतोय पण पलीकडच्या, इंटरनेट कंपनीच्या यंत्राने तुमच्या डब्याला अजून ओळखलेलं नाही. अशा वेळी वायरी उपसण्यात अर्थ नाही.

लाल असेल तर भिंतीपासून डब्यापर्यंत वायर बोटांनी चाचपत जा. आत काचेचा धागा असतो, बाहेरून 125 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, आणि प्रकाश वाहतो तो मधला गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. तीव्र वळणावर प्रकाश गाभ्यातून बाहेर निसटतो. म्हणून वेटोळं आमटीच्या वाटीपेक्षा लहान नको.

पुढे टोकाचा हिरवा कनेक्टर. हिरव्याचं तोंड 8 अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण तोंडं नीट टेकत नाहीत आणि बराच प्रकाश वाया जातो. पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार फायबर वायर, विकत आणताना रंग बघाच. कनेक्टर काढलात तर टोकाला बोट लावू नका आणि शर्टाला पुसू नका. 9 मायक्रॉनच्या वाटेत धुळीचा एक कणही आडवा येतो. आणि टोकात डोळा घालून कधीही बघू नका. तो लेसर दिसत नाही, म्हणून तो नाही असं नव्हे.

टेक्निशियनचा आकडा

टेक्निशियन मीटर लावून 'मायनस बावीस आहे' असं म्हणतो, तो आकडा डीबीएममध्ये असतो. शून्य म्हणजे 1 मिलिवॉट. मायनस 20 म्हणजे त्याचा शंभरावा भाग. दर 3 डीबीला प्रकाश निम्मा होतो. वाटेत एका फायबरचे आठ भाग करणारा स्प्लिटर असला तर तिथेच सुमारे 10 डीबी जातात. त्या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून तो खांबावरही टिकतो. नेहमीच्या जीपॉन डब्याला (जीपॉन म्हणजे घरोघरी फायबर पोचवण्याची एक पद्धत) साधारण मायनस 27 पर्यंतचाच मंद प्रकाश ओळखता येतो. मायनस 26 येत असेल तर 'चालतंय ना' यावर समाधान मानू नका, जोड पुन्हा करून मागा. फायबरचा जोड मशीनने वितळवून करतात, त्याला स्प्लायसिंग म्हणतात; चांगल्या जोडात 0.1 डीबीही जात नाही.

नवीन कनेक्शन बसवून घेताना हा आकडा विचारा आणि तारखेसह कागदाच्या पट्टीवर लिहून डब्यालाच चिकटवा. पुढच्या तक्रारीच्या वेळी आधी किती होता आणि आता किती आहे, एवढं तुम्ही सांगितलंत तर समोरच्यालाही पहिल्या वाक्यात बिघाडाचा अंदाज येतो.