ट्रकमधला माल बांधताना या चुका टाळा

५० मिलीमीटर रुंदीच्या रॅचेट बेल्टच्या (हँडल मागेपुढे करून आवळायच्या पट्ट्याच्या) लेबलवर बहुधा ‘२५००’ आणि ‘५०००’ असे आकडे असतात, डेकान्यूटनमध्ये. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा भार. ते वाचून लगेच हिशेब होतो: पाच टनांचा बेल्ट, दोन टाकले की दहा टन माल पक्का. मालबांधणीतली सगळ्यात धोकादायक चूक हीच, कारण ती करणाऱ्याला आपण नीट हिशेब केला असंच वाटत असतं.

२५०० आणि ५००० म्हणजे बेल्ट सरळ किंवा वेढा घालून लावल्यावर किती ओढ सोसेल ती मर्यादा. माल वरून बांधताना कामाचा आकडा वेगळा असतो. लेबलवर तो ‘एसटीएफ’ या अक्षरांपुढे छापलेला असतो: हाताने रॅचेट आवळल्यावर बेल्टमध्ये राहणारा ताण. साध्या रॅचेटमध्ये तो ३०० ते ५०० च्या आसपास भरतो.

आता १० टनांचा माल घ्या. करकचून ब्रेक लागला तर तो वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे रेटतो, म्हणजे ८ टन. युरोपातलं ‘ईएन १२१९५’ हे मानक आणि अमेरिकेतले नियम, दोन्हीकडे पुढच्या दिशेला हाच आकडा धरतात. बाजूला आणि मागे ०.५ पट. लाकडी खोका आणि हौद्याची फळी यांच्यातला घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर ३ टन घर्षणच पेलतं. उरले ५ टन. एसटीएफ ४०० असलेला बेल्ट दोन्ही बाजूंनी अगदी उभा खाली आला, तर तो मालाला ८०० किलोंनी दाबतो आणि त्यातून रोखण्याची ताकद वाढते जेमतेम २४० किलो. ५ टनांची तूट भरायला असे २१ बेल्ट लागतील. एवढे बेल्ट कुणी लावत नाही, लावू शकतही नाही.

मग उपाय काय? एकतर घर्षण वाढवायचं. तोच माल ०.६ गुणांकाच्या रबरी मॅटवर ठेवला, तर ६ टन घर्षण पेलतं आणि उरलेल्या २ टनांना ५ बेल्ट पुरतात. मॅट मात्र अशी हवी की खोका कुठेच उघड्या फळीला टेकणार नाही. दुसरा उपाय, माल पुढच्या भिंतीला भिडवायचा.

इथे दुसरी चूक होते: फट सोडली जाते. हातभर मोकळी जागा दिसायला किरकोळ वाटते. ब्रेक लागला की गाडीचा वेग उतरतो, मालाचा तेवढा उतरत नाही, आणि भिंतीपर्यंत पोहोचताना तो धक्का देऊनच पोहोचतो. टेकलेला माल रेटतो, सुटलेला माल आदळतो. पुढच्या चाकांवर जास्त वजन येईल म्हणून माल मागे ठेवावा लागत असेल, तर मधली जागा ओंडक्यांनी किंवा रिकाम्या पॅलेटांनी गच्च भरा. पुढच्या भिंतीच्या ताकदीलाही मर्यादा असते, म्हणून भिडवलेल्या मालालाही बेल्ट हवेतच.

हौदा न झाडता माल चढवणं ही अगदी साधी आणि सर्रास होणारी चूक. वाळू, धान्याचे दाणे, सांडलेलं तेल यांवर घर्षणाचा वरचा हिशेबच कोलमडतो. लोखंडावर लोखंड ठेवलं असेल तर आणखी वाईट. मध्ये लाकूड किंवा रबर घालाच.

बेल्टचा कोनही बघा. बेल्ट जमिनीशी ६० अंशांत असेल तर ८७ टक्के ताण खाली दाबायला मिळतो, ३० अंशांत निम्माच. म्हणजे बुटक्या, रुंद मालावरून टाकलेला बेल्ट फारसं काही करत नाही.

ताडपत्री बांधली म्हणजे माल बांधला असं नव्हे. ती पाऊस-धूळ अडवते.

पाइप आणि सळयांबाबत विशेष जपा. वरून टाकलेला बेल्ट फक्त बाहेरच्या पाइपांना स्पर्श करतो. मधले मोकळेच असतात आणि ब्रेक लागला की थेट केबिनच्या दिशेने सुटतात. पूर्ण जुडीला वेढा घाला आणि पुढची भिंत मालाच्या उंचीएवढी आहे ना ते पाहा. लोडरसारखी चाकांची यंत्रं नुसत्या हँडब्रेकवर सोडू नका: बकेट खाली टेकवा, चाकांना उटी (पाचर) लावा, चारही कोपऱ्यांना साखळ्या.

बेल्ट सारखे सैल होत असतील तर आधी माल तपासा. पोती आणि गाठी हादऱ्यांनी बसतात, त्यामुळे पहिल्या टप्प्यातच ताण उतरतो. अमेरिकेतल्या नियमांत पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत तपासणी सांगितली आहे ती याचसाठी. पोती बसलेली नसतील तर रॅचेट पाहा: बेल्ट ज्या आसावर गुंडाळला जातो, त्यावर त्याचे किमान दीड वेढे हवेत. मालाच्या धारेवर बेल्ट अडकत असेल तर एका बाजूला ताण आणि दुसरी बाजू ढिली राहते. कोपऱ्याला संरक्षक पट्टी लावा, आणि रॅचेट आलटून पालटून दोन्ही बाजूंना ठेवा. हँडलला पाइप घालून आवळू नका, त्याने रॅचेट आणि बेल्ट दोन्ही खराब होतात. गाठ मारलेला, कडा कापलेला किंवा लेबल गेलेला बेल्ट टाकून द्या, कितीही नवा दिसत असला तरी.

चालत्या गाडीत माल सरकल्याचा आवाज आला, तर जोरात ब्रेक मारू नका आणि झटक्यात वळू नका. वेग हळूहळू उतरवा, सपाट जागी थांबा.

माल कलला असेल तर फाळका उघडण्याआधी तो कशावर रेलला आहे ते शोधा. तो फाळक्यावरच रेलला असेल तर आधी दुसऱ्या बाजूने आधार द्या किंवा क्रेनने पेला. कडी काढताना समोर उभं राहू नका, बाजूला राहा. आणि रॅचेट सोडतानाही सगळे बेल्ट एकदम मोकळे करू नका. ज्या भागाचा माल उतरवायचा आहे तेवढेच सोडा.