दिवाळीच्या सुट्टीत राणीच्या बागेत: निघण्याआधीची तयारी

सगळ्यांत आधी वार बघा. राणीची बाग बुधवारी बंद असते आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच. रविवारी जायचं ठरलं तर आदल्या रात्री मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहून ठेवा. भायखळ्याला जलद लोकलही थांबते, आणि पूर्वेला उतरलं की आजी-आजोबांच्या चालीनेही बाग लांब नाही. सकाळी बाग उघडतानाच पोचा. ऑक्टोबरचं ऊन अकरानंतर चटका देतं, लहानगी कंटाळतात आणि मग झाडांकडे कुणी मान वर करून बघत नाही.

मुलं पेंग्विनकडे ओढणारच. त्यांना तिकडे जरूर न्या, पण शेवटी. पेंग्विन दिवसभर गारव्यात असतात, ते कुठे जात नाहीत. ही बाग 1862 साली सुरू झाली आणि एवढी जुनी, एवढ्या जातींची झाडं मुंबईत क्वचितच एका जागी दिसतात. म्हणून आदल्या संध्याकाळी मुलांना घेऊन बसा, पाच झाडं निवडा आणि वहीत एकेका पानावर एकेक नाव लिहून ठेवा. आमच्या वहीत पहिली गोरखचिंच असते. मूळची आफ्रिकेची, खोड एवढं जाड की सगळ्यांनी हात धरून कवेत घ्यावं. तिचं पान पंजासारखं असतं आणि या दिवसांत ते झाडावर असतं. थंडीत गेलात तर फांद्या उघड्या दिसतील. दुसरा सप्तपर्ण, म्हणजेच सातवीण. शरदात याला हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात. एका पेरावरची पानं मुलांना मोजायला लावा, दर वेळी सात भरतीलच असं नाही. याच्या लाकडाच्या पूर्वी शाळेच्या पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ आहे. वास उग्र असतो. घरात कुणाचं डोकं दुखत असेल तर त्यांना लांबूनच दाखवा. तिसरा कैलासपती, खोडालाच फुलं येणारा. चौथं झाड मादागास्करचा कोलव्हिलिया, त्याचे केशरी घोस याच सुमारास लागतात. पाचवं मुलांनी तिथे गेल्यावर स्वतः शोधायचं.

चित्रात पाहिलेली लाल-पिवळी पानगळ इथे शोधू नका, हे मुलांना घरीच सांगा. आपल्याकडे शरद फुलांचा, पानं झडायची ती शिशिरात.

पिशवीत स्टीलच्या बाटल्या, टोप्या, एक छत्री (परतीचा पाऊस दुपारी अचानक गाठतो), डासांचं मलम आणि जुनं वर्तमानपत्र घ्या. पडलेली पानं त्यात दाबून आणता येतात. तोडायचं मात्र काहीच नाही, हे दारातच एकदा स्पष्ट करा. भिंग असेल तर जरूर घ्या. मेणाचे रंगखडू आणि कोरे कागद विसरू नका: खोडावर कागद धरून रंगखडू आडवा फिरवला की सालीचा ठसा उमटतो आणि चार वर्षांचं मूलही त्यात रमतं. न्याहारी घरूनच भरपेट करून निघा. प्राण्यांसमोर खाऊची पुडी उघडायची नाही.

ज्येष्ठांसाठी दर अर्ध्या तासाला सावलीत बसण्याचा वेळ धरा. आमच्या आजीला लहानपणी इथे पाहिलेली झाडं आठवतात, आणि ती बोलायला लागली की वहीतलं पाचवं पान तिच्यासाठी मोकळं ठेवलेलं बरं.