शाफ्टचा क्रॉस बदलायचाय? आधी खूण, मग पान्हा

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा हंगाम लागला की आडगाव नाक्याच्या आमच्या गॅरेजात पिकअपवाल्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. "मिस्त्री, गिअर टाकला की खालून टक्‌ वाजतं." शेतातला चिखल, वरून पाऊस, त्यात क्रेट पार टपापर्यंत रचलेले. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा म्हणजे क्रॉस, त्यातलं ग्रीस कधीच धुऊन गेलेलं असतं.

हळू चालवताना चिमणीसारखी चूंचूं आली, तर क्रॉसच्या टोकांवरच्या कपांतल्या सुया (बारीक रोलर) कोरड्या पडल्यात. पहिला किंवा रिव्हर्स टाकताना टक्‌ वाजलं, तर सांध्यात प्ले, म्हणजे सैलपणा आलाय. वेग वाढल्यावर बूड थरथरलं, तर क्रॉस बघाच, पण शाफ्टला मधे धरणारं सेंटर बेअरिंगही तपासा. असं वाजत असताना माल भरून कसारा घाटात उतरू नका. पुढचा जॉइंट सुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं.

गाडी सपाट जागी लावा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा. शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा घरंगळते. काही गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे असतो, तोही मग उपयोगाचा नाही. गाडी उचलायची तर स्टँडवर, नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही.

न्यूट्रल करून क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे चिमटे) दोन हातांनी धरा आणि उलटसुलट पिळा. दोघांमध्ये हलकीशी सैल जाणवली तरी क्रॉस गेला. दोन्ही एकत्र फिरत असतील तर ती डिफरन्शियलची (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीची) सैल, तिच्यापायी क्रॉस बदलू नका. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर पिळायचीही गरज नाही, क्रॉस गेलाच समजा.

आता खुणा, कारण पोरं घाई करतात ती इथंच. फ्लँज (शाफ्ट बोल्टने जिथे जोडतो ती चकती) आणि योकवर पांढऱ्या रंगाची सलग रेघ ओढा. मधल्या स्लिप जॉइंटवरही, म्हणजे शाफ्ट आतबाहेर सरकतो त्या दातेरी सांध्यावरही ओढा. तिरका चालणारा क्रॉस एकसारखा वेग देत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगावतो आणि दोनदा मंदावतो. एका टोकाचा हा चढउतार दुसऱ्या टोकाचा क्रॉस खोडून काढतो, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले तरच. स्लिप जॉइंट चुकीच्या दातावर बसला की नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते आणि गिऱ्हाईक आपल्यालाच शिव्या घालतं.

बोल्ट काढताना शाफ्टला तारेने आधार द्या, लोंबकळू देऊ नका. शाफ्ट थेट गिअरबॉक्समधून ओढून निघत असेल तर खाली डबा ठेवा, ऑइल येतं. शाफ्टची नळी व्हाइसमध्ये (बाकावरच्या शिकंज्यात) आवळू नका, ती पातळ असते. तिच्यावर वेल्ड केलेले वजनाचे तुकडे बॅलन्सचे आहेत, त्यांना हात लावू नका.

कपाला जागी धरणारी कडी म्हणजे सर्क्लिप, ती गंजली असेल तर डिझेल सोडून थोडा वेळ थांबा. एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असं मोठं सॉकेट, आणि व्हाइस आवळा. कप बाहेर सरकतो. हातोडीने ठोकून काढणारे योकचे कान वाकवतात. भोकं पॉलिश पेपरने आणि सर्क्लिपच्या खाचा टोच्याने साफ करा.

नवा क्रॉस आणायला जुना सोबत न्या. कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांची लांबी व्हर्नियरने मापून घ्या, नजरेवर जाऊ नका.

बसवताना सगळं लक्ष सुयांवर. कपात आतून ग्रीस चोपडा, म्हणजे सुया उभ्या राहतात. क्रॉस योकमध्ये घालून एक कप थोडा आत ढकला, क्रॉसचं टोक त्यात शिरू द्या आणि मग समोरचा कप लावा. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) शाफ्टच्या बाजूला आणि गन पोहोचेल असं ठेवा. कप जरा अलीकडेच अडला आणि सर्क्लिप खाचेत बसेना, तर एखादी सुई आडवी पडलीय. जोर लावू नका, कप परत काढा.

सर्क्लिप बसल्यावर योकच्या कानांवर तांब्याच्या हातोडीने हलके ठोके द्या, आवळलेला क्रॉस मोकळा होतो. तो हाताने सगळीकडे फिरला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

रेघा जुळवून शाफ्ट चढवा. नट नवे घाला आणि गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने आवळा. चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. एकातून आलं नाही तर शाफ्ट फिरवून पुन्हा मारा. मग ओझरपर्यंत रिकामी फेरी मारा, परत आल्यावर नट एकदा तपासा आणि मगच माल भरा. पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली की ग्रीस गन पुन्हा बाहेर काढायची.