जुनी चादर कुठं संपते? पोरांसोबत विचार करताना या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि एका आईचा फोन. "ताई, तुमचा तो तत्त्वज्ञानाचा कोर्स किती दिवसांत पूर्ण होतो? जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत झाला तर बरं होईल." मी काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायले. हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. दोष त्या आईचा नाही. पण हल्ली शिकवण्या घेणारेही हेच विचारू लागलेत, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आधी मी काय करते ते सांगते. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं, एडीएचडी असलेली (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही अशी), वाचता-लिहिताना अडणारी, आणि शाळेच्या नावानंच पोटात गोळा येणारी मुलं माझ्याकडे येतात. एका वेळी एक, फार तर दोन. मूल स्वतःचा प्रश्न आणतं आणि आम्ही त्यावर मिळून विचार करतो. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून? न्याय्य म्हणजे काय? काल होती तीच वस्तू आज आहे का? यालाच मी तत्त्वज्ञान म्हणते. गेली नऊ वर्षं करते आहे आणि खाली लिहिलेली जवळजवळ प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे.

प्रश्नावर झडप घालू नका

सगळ्यात मोठी चूक ही. हुशार, वाचलेल्या माणसाकडून तर हमखास होते.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातला दहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. स्वमग्न. घरी तेलुगू, खाली चार यंत्रमाग. शाळेची घंटा झाली की कान दाबून टेबलाखाली जायचा, पण मागांच्या खडखडाटात निवांत झोपायचा. (लोकांना हे नाटक वाटतं. घंटा केव्हा होईल याची धास्ती असते. माग एका ठेक्यात चालतो. एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.) दीड महिना तो माझ्याशी फक्त मागाच्या भागांवर बोलला: धोटा, कांडी, बीम (उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ). मग एक दिवस, माझ्याकडे न बघता: "जुनी चादर कुठं संपते?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ग्रीक लोकांचं थिसियसचं जहाज माझ्या जिभेवर तयारच होतं. प्लुटार्कनं लिहून ठेवलेली गोष्ट: अथेन्सवाल्यांनी ते जहाज जपून ठेवलं, कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत राहिले, मग ते तेच जहाज राहिलं का? मी हातवारे करत दहा मिनिटं सांगितली. तो पंख्याकडे बघत होता. संपल्यावर म्हणाला, "जहाज नाही. चादर." आणि गप्प. पुढचे तीन आठवडे तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. यायचा, बसायचा, जायचा.

शेवटी मीच त्याच्या घरी गेले. बीम संपला होता आणि त्याचे आजोबा नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला गाठ मारून जोडत होते. शेकडो गाठी. बोटं इतकी सराईत की गाठ दिसायच्या आत बसलेली असायची. सगळ्या जोडून झाल्यावर गाठींचा तो पट्टा फणीतून पुढं ओढून घेतात आणि कापून टाकतात. पोरगं ते कापलेले तुकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठवत होतं. त्यानं डबा माझ्यासमोर उपडा केला. "हे जुन्या चादरीचं नाही. नव्या चादरीचं पण नाही. मग कुणाचं?"

म्हणजे त्याचा प्रश्न थिसियसचा नव्हताच. वस्तू बदलली तरी तीच राहते का, हे त्यानं विचारलंच नव्हतं. दोन वस्तूंच्या मध्ये जे उरतं ते कुणाच्यात मोडतं, हे तो विचारत होता. माझ्यापेक्षा बारीक प्रश्न होता, आणि मी त्यावर आयतं जहाज आणून आपटलं. आणखी एक कबुली देते: परत येताना रिक्षात मला वाटलं की हा बहुतेक स्वतःबद्दलच बोलतोय, ना धड शाळेचा, ना धड घरचा. नाही हो. तो धाग्यांबद्दलच बोलत होता. प्रत्येक वाक्याचा मानसशास्त्रीय अर्थ काढायची खोड ही त्याच चुकीची धाकटी बहीण.

आता माझी सवय अशी: मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचा. सुधारायचा नाही, व्याकरणसुद्धा नाही. त्या दिवशी उत्तर, गोष्ट, दाखला काहीही द्यायचं नाही. "मला दाखव" एवढंच म्हणायचं.

आणि गप्प बसायचं. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांमधल्या संभाषणांच्या टेप ऐकून मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबत. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि भरीव व्हायची. माझ्याकडच्या मुलांना तीन सेकंदही पुरत नाहीत. मी समोर शेंगांची पाटी घेऊन बसते. प्रश्न झाला की पाच शेंगा फोडून सोलायच्या, तोवर तोंड उघडायचं नाही. हात गुंतलेले असतात, नजर शेंगांवर असते, मुलाच्या तोंडाकडे टक लावून बघितलं जात नाही. घरी चटणीला दाणे मिळतात ते वेगळंच. कुणी म्हणेल मनात वीस आकडे मोजा. मोजून बघा, अकराला तुमचं तोंड उघडतं.

"शाळेबद्दल बोला ना जरा"

दुसरी चूक पालक करायला लावतात आणि आपण भिडेखातर करतो.

अकरा वर्षांची मुलगी, चार महिने शाळेत गेलेली नव्हती. रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागायचं, सोमवारी सकाळी उलटी. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले सगळे एकच वाक्य म्हणतात: "बघ, काही नाहीये तुला." पोट खरंच दुखत असतं. भीतीनं आतडी आवळतात, मळमळतं. सोनोग्राफीत दिसत नाही एवढंच.

वडील म्हणाले, "धैर्य या विषयावर घ्या की काहीतरी." मी घेतलं. धैर्य म्हणजे काय, न घाबरणं म्हणजे धैर्य का, घाबरूनही करणं म्हणजे धैर्य का, छान प्रश्न काढले होते. तिनं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ही शाळेचीच गोष्ट आहे ना?"

पकडले गेले. या मुलांना छुपा हेतू वासानं कळतो, कारण दिवसभर प्रत्येक मोठा माणूस त्यांच्याशी काहीतरी हेतू ठेवूनच बोलत असतो. नंतर दोन महिने ती मी काढलेल्या प्रत्येक विषयात शाळा शोधायची. मुंग्यांवर बोललो तर म्हणे, "मुंग्या रोज वेळेवर जातात, असं म्हणायचंय ना?"

तत्त्वज्ञान म्हणजे गूळ लावून दिलेली गोळी नव्हे. आता पहिल्याच भेटीत पालकांना सांगते: या खोलीत मी शाळा हा शब्द काढणार नाही, मुलानं काढला तरच बोलू. अर्ध्या पालकांना पटत नाही, ते परत येत नाहीत. येऊ नयेत.

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच, घाई. आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे. कठोपनिषदातला नचिकेता बापाला विचारतो, मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाप वैतागून म्हणतो, तुला मृत्यूला देतो. तेच तेच विचारणारं पोर आणि टेकीला आलेला बाप. तो संवाद माझ्या ओट्यावर आठवड्यातून एकदा तरी होतो. तेव्हा मूल एकच प्रश्न चाळीस वेळा विचारत असेल तर वैतागू नका. काही मुलांना ठरलेलं उत्तर ऐकून धीर येतो, काहींना तुम्ही दिलेलं उत्तर पटलेलं नसतं. यातलं कुठलं हे ओळखायला मी उलटं विचारते: "मागच्या वेळी मी काय म्हणाले होते?" शब्दन् शब्द सांगितलं तर धीर हवाय. "ते चूक होतं" म्हणालं तर मग शेंगा घ्या.

बाकीच्या, पटापट

"का" हा शब्द कमी करा. शाळा बुडवलेल्या मुलानं दिवसभर "का गेला नाहीस, का रडतोस" ऐकलेलं असतं. "कशावरून?" विचारा. काम तेच होतं, आरोप वाटत नाही.

लाक्षणिक बोलू नका. "तुझ्या डोक्यात काय चाललंय?" असं मी एकीला विचारलं, तिनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, "उवा नाहीत." "पोटात कावळे ओरडतायत" ऐकून एक छोटा खरोखर घाबरला होता.

"शाब्बास" म्हणू नका. एका उत्तराला शाब्बास म्हटलं की मूल पुढचा सगळा वेळ दुसरं शाब्बास शोधतं, विचार थांबतो.

तात्पर्य सांगू नका. कसलंच.

बोलणं म्हणजेच विचार, असं समजू नका. माझ्याकडचा एक मुलगा बोलत नाही. "हो", "नाही", "अजून ठरलं नाही" अशी तीन कार्डं आहेत, तो खडा ठेवतो. एकदा त्यानं खडा दोन कार्डांच्या बरोबर मध्ये ठेवला आणि वीस मिनिटं हलवला नाही. मोठ्या माणसांत इतका प्रामाणिकपणा मी पाहिलेला नाही.

घरची भाषा तोडू नका. आपल्या गावात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. मूल ज्या भाषेत रागावतं त्या भाषेत ते विचार करतं. मला कन्नड येतं, तेलुगू तोडकंमोडकं. तिथं आजीला बसवते. आईला नाही. आई मध्येच "नीट सांग की" म्हणते.

परदेशी धडे जसेच्या तसे उचलू नका. मॅथ्यू लिपमन या प्राध्यापकानं 1970 च्या सुमारास अमेरिकेत मुलांसाठी तत्त्वज्ञान सुरू केलं, 1974 मध्ये त्याची संस्थाही निघाली. त्याच्या पद्धतीतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की वाचून झाल्यावर प्रश्न मुलं काढतात. आपले लोक त्याच्या गोष्टी डाउनलोड करतात आणि खालचे प्रश्न स्वतः वाचून दाखवतात. शिवाय आपण तळ्याकाठची माणसं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथं तळं खोदत असताना अल्लमप्रभू हे शरण संत येऊन त्यांना अडवतात, ही कथा गावात सांगतात. एवढं पुण्याचं काम चाललंय आणि हा माणूस उभा राहून विचारतोय की यातून तुला काय कळलं? ही गोष्ट तळ्याच्या कट्ट्यावर बसून सांगा. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत मात्र नेऊ नका. जानेवारीत मी वर्गच बंद ठेवते, मुलं आवाजानं आधीच पिळवटलेली असतात.

वेळ वाढवू नका. वीस मिनिटं. रंगात आलं तरी वीस. पंचविसाव्या मिनिटाला फुटलेलं मूल पुढच्या वेळी दारातूनच परत जातं.

व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. यावर मी वाद घालत नाही, सरळ घरी पाठवते.

रागाच्या भरात शाळेचा दाखला काढू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत, त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो शाळेकडे मागायचा असतो, माझ्या ओट्याकडे नाही.

आणि मी डॉक्टर नाही. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर त्यावर चर्चा रंगवत बसू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. रात्र असेल तर 14416, टेलिमानसचा सरकारी नंबर, फुकट आहे. "मृत्यू म्हणजे काय" हा प्रश्न आणि "मी मेले तर" हे वाक्य यांतला फरक ज्याला ऐकू येत नाही त्यानं ही शिकवणी घेऊ नये.

ती मुंग्यांवाली मुलगी अजून येते. गेल्या श्रावणात एक दिवस शेंगा सोलता सोलता, मी काहीही विचारलेलं नसताना, म्हणाली, "दुखतंय म्हटलं आणि रिपोर्टमध्ये नसलं, तर ते खोटं बोलणं होतं का?" मी वहीत लिहून घेतलं. पाच शेंगा झाल्या. सहावी तिनं माझ्या हातातून घेतली, फोडली, आत एकच दाणा निघाला. "बाहेरून दोनाची वाटत होती," म्हणाली, आणि टरफल उजेडाकडे धरून बघत बसली. वीस मिनिटं झाली होती. मी वही मिटली.