हृदयाचा एमआरआय: श्वास सोडा आणि थांबा

हृदयाचा एमआरआय लिहून दिला की पेशंटचा प्रश्न ठरलेला असतो: ‘एको झालाय, अँजिओ झाली, आता हे कशाला?’ मी एमआरआय टेक्निशियन. खरं तर हे डॉक्टरांनी सांगायचं, पण कपडे बदलून पेशंट आत येईपर्यंत प्रश्न माझ्याकडे आलेला असतो. एकोत हृदय कसं हलतं ते दिसतं, अँजिओत रक्तवाहिनी कुठे अडलीय ते. पण हृदयाचा स्नायू सुजलाय का, मेलाय का, त्यात काही साचलंय का, हे तुकडा न काढता बघायचं तर एमआरआय लागतो. यात क्ष-किरण नसतात.

अपॉइंटमेंट घेतानाच पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, सगळं सांगून टाका. लेथवर किंवा वेल्डिंगला काम केलेल्यांना डोळ्यांचं मी दोनदा विचारतो. हल्लीचे बरेच पेसमेकर एमआरआयला चालतात, पण त्याचं कार्ड लागतं, आणि ते नेमकं घरच्या कपाटात राहिलेलं असतं. हृदयातल्या स्टेन्टमुळे सहसा अडत नाही, बायपासनंतरच्या छातीतल्या तारांमुळेही नाही. तरी सांगा.

क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट आणा. ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतंय त्याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर गॅडोलिनियमचं, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून देतात ते, इंजेक्शन द्यायचं का आणि कोणतं, ते रेडिओलॉजिस्ट ठरवतात. कागदावर ‘स्ट्रेस’ (औषध देऊन हृदयाचा रक्तपुरवठा तपासणं) लिहिलं असेल तर 24 तास चहा-कॉफी बंद, कोल्ड्रिंक आणि चॉकलेटसुद्धा. त्यात जे अ‍ॅडेनोसिन नावाचं औषध देतात त्याचा परिणाम कॅफीन अडवतं. ‘अर्धाच कप घेतला हो’ म्हणणारे काका मला नेहमी भेटतात, आणि त्यांना नवी तारीख घ्यावी लागते. दमा असेल तर तेही आधी सांगा.

जोडवी, पिना, करदोट्यातला ताईत घरीच काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला आजी तयार नसतात. सुनेच्या हातात दिलं की मग जरा निवांत होतात.

आता खरी मेहनत तुमची. चित्र एका ठोक्यात निघत नाही. छातीवर ईसीजीच्या चिकटपट्ट्या लावलेल्या असतात (पुरुषांच्या छातीवर आधी वस्तरा फिरवावा लागतो), आणि मशीन प्रत्येक ठोक्याला थोडी थोडी माहिती गोळा करून बऱ्याच ठोक्यांचं मिळून एक चित्र जुळवतं. तेवढ्यात श्वास हलला तर रांगोळी काढताना फरशीच सरकावी तसं होतं. म्हणून आम्ही माईकवरून सांगतो: ‘श्वास घ्या… सोडा… थांबा.’ लोक भरल्या छातीने थांबतात. तसं नको. श्वास दर वेळी कमीजास्त भरला जातो आणि हृदय वरखाली सरकतं. सहज सोडल्यावर ते बहुतेक त्याच जागी येतं. घरी उताणे पडून, घड्याळ बघत सराव करा. सोडायचा तो नेहमीसारखा, पोट आत ओढून हवा पिळून काढायची नाही. 10 ते 15 सेकंद जमलं तर माझं निम्मं काम झालं. नाही जमलं तर लपवू नका, आम्ही छोटे टप्पे लावतो. ठोके अनियमित पडत असतील तर तेही आधी सांगा, सेटिंग बदलता येतं.

इंजेक्शननंतर दहाएक मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि आतून आवाज येतो, ‘झालं का?’ नाही झालं, महत्त्वाची चित्रं आता यायची असतात. निरोगी स्नायूतून गॅडोलिनियम लवकर निघून जातं, व्रणात रेंगाळतं. आम्ही वेळ अशी साधतो की चांगला स्नायू काळा दिसावा आणि व्रण पांढरा. पांढरं हृदयाच्या भिंतीच्या आतल्या कडेने असेल तर बहुधा रक्तवाहिनी अडून आलेल्या झटक्याचं. आतली कड सुटून मध्ये किंवा बाहेरच्या बाजूला असेल तर डॉक्टर मायोकार्डायटिससारख्या (हृदयाच्या स्नायूला आलेली सूज) कारणांकडे बघतात. झटक्याचा पांढरा भाग भिंतीच्या निम्म्या जाडीपलीकडे गेला असेल, तर बायपास करूनही तिथली ताकद परतायची शक्यता कमी.

रिपोर्टमध्ये टी-वन, टी-टू असे मिलिसेकंदांचे आकडे असतात; स्नायूची अवस्था त्यांवरून कळते. सूज असली की टी-टू वाढतो. टी-वन व्रणात आणि अमायलॉइडमध्ये (स्नायूत एक प्रकारचं प्रथिन साचतं तो आजार) वाढतो, लोह साचलं तर घटतो. हे आकडे मशीनगणिक बदलतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या रिपोर्टशी ताडून बघू नका.

थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलांची गोष्ट थोडी निराळी. वारंवार रक्त चढवल्याने हृदयात लोह साचतं, ते टी-टू-स्टार नावाच्या आणखी एका आकड्यात कळतं: 20 मिलिसेकंदांच्या खाली आलं की लोह साचलंय, 10 च्या खाली म्हणजे डॉक्टरांना लगेच दाखवा. याला इंजेक्शन लागत नाही, वेळही थोडा लागतो. ही मुलं श्वास इतका छान धरतात की मोठ्यांनी शिकावं.

जाताना फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. पुढच्या वेळी ती घेऊन या, आणि जमलं तर त्याच मशीनवर या.