कचरा केंद्राच्या फ्लोअरिंगवर कोरडं सिमेंट मारू देऊ नका

सिव्हिल करून साइटवर लागलात आणि पहिलंच काम कचरा हस्तांतरण केंद्राचं (जिथे छोट्या गाड्यांतला कचरा मोठ्या गाड्यांत भरतात) मिळालं, तर हे वाचा. स्लंप, क्यूब, कव्हर तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

गोदामाचं फ्लोअरिंग आणि हे एकच, असं समजू नका. इथे लोडर बकेटची लोखंडी धार जमिनीला टेकवून दिवसभर कचरा ढकलतो. त्यात ओल्या कचऱ्याचं आंबलेलं पाणी. त्यातली लॅक्टिक, ॲसेटिक आम्लं सिमेंटमधला चुना खातात, सैल झालेला थर बकेट खरवडून नेते, की आम्लाला पुढचा थर मोकळा. आपली काळ्या दगडाची खडी तग धरते, तिच्याभोवतीचं सिमेंट जातं.

आमचं काँक्रीट एम40 दर्जाचं होतं, पाणी-सिमेंट प्रमाण 0.40. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात सगळ्यात कडक वातावरणाच्या वर्गाला लागतं तेच. 28 दिवसांचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, पास झाले. आणि तिसऱ्या महिन्यात फ्लोअरिंगचे पापुद्रे निघाले.

कारण मी समोर उभा असताना घडलं होतं. काँक्रीट ओतून पाटा मारला, थोड्या वेळाने वर पाणी आलं. रात्र होत होती, माणसांना घरी जायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, कोरडं सिमेंट भुरभुरतो, पाणी ओढून घेईल, फिनिशिंग आरशासारखं येईल." मी हो म्हटलं. आरशासारखं आलंही. पण खालून पाणी अजून येतच होतं. ते त्या घोटलेल्या पातळ थराखाली अडकलं. वरचे चार-पाच मिलिमीटर कमजोर झाले, खालच्याशी नीट धरलेही नाहीत. क्यूब मिक्सरमधल्या मालाचे भरतात, ते या थराबद्दल काहीच सांगत नाहीत. पुढे मी साधा खिळा ओढला, तर राखाडी भुकटी निघाली.

म्हणून वरचं पाणी उडेपर्यंत थांबा. नाहीच उडालं, तर रबराचा पाइप जमिनीवरून ओढत बाजूला काढा, पण घोटून आत घालू नका. बुटाचा ठसा पाच मिलिमीटरच्या आसपास उमटला की पॉवर फ्लोट, म्हणजे घोटायचं यंत्र, चढवा. हार्डनर, म्हणजे वरचा थर कडक करायची पावडर, तीही त्यानंतरच. आणि हार्डनर विकायला येणाऱ्याला गुरू करू नका. खराब घोटलेल्या जमिनीला त्याची पावडर वाचवत नाही. शिकायचं तर फ्लोट चालवणाऱ्या जुन्या माणसाच्या शेजारी एक पूर्ण रात्र काढा; मला दोन वर्षांच्या मीटिंगांत जे कळलं नाही, ते तिथे कळलं.

क्युरिंगला वाफे करून पाणी, निदान दहा दिवस. सिमेंटसोबत फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) असेल तर चौदा धरा. गटाराकडे शंभरात एक तरी उतार द्या, आंबलेलं पाणी साचता कामा नये. सळईवरचं कव्हर झिजेचा हिशेब धरून वाढवून घ्या, कारण झीज होणारच.

घाबरू नका. एका रात्रीत चूक झाली तरी सगळी जमीन जात नाही. आम्ही खराब थर यंत्राने खरवडून पक्क्या काँक्रीटपर्यंत गेलो आणि अर्ध्या-अर्ध्या भागात नवा थर दिला. अर्ध्या-अर्ध्या भागात, कारण कचऱ्याच्या गाड्या एक दिवसही थांबत नाहीत. त्या दुसऱ्या ओतकामाला फ्लोट चढवायला पहाटेचे अडीच वाजले. मिस्त्री तोच होता. सिमेंटची गोणी मी आधीच गाडीत ठेवून कुलूप लावलं होतं.