गेम कन्सोलचा मोबाइल करताय? या चुका टाळा

गल्फला किंवा जहाजावर नोकरी केलेल्या माणसाच्या गोव्यातल्या घरी कपाटात जुना पीएसपी, म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल, निघतोच. त्याचा फोन करता येईल का, असं फोंडा-डिचोलीकडची इंजिनिअरिंगची मुलं मला नेहमी विचारतात. करता येतो, आणि करून बघावा असंच मी सांगतो, कारण रेडिओ, बॅटरी आणि आवाज या तिन्ही गोष्टी एकाच खेळण्यात शिकायला मिळतात. पण बरेचसे प्रयत्न ठरावीक जागी अडकतात. गेमचा कन्सोल आपण हातात घेतल्यावर जागा होतो, फोनला मात्र खिशात पडल्यापडल्याही जागं राहावं लागतं. हा फरक विसरून वस्तू विकत घेतल्या की पुढचं सगळं चुकत जातं.

जुन्या मशीनकडून नको ती अपेक्षा

पीएसपीवर स्काइप चालायचं, हे खरं. २००८ च्या सुरुवातीला ३.९० क्रमांकाच्या फर्मवेअरबरोबर, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरबरोबर, ते आलं. पण ते पहिल्या, जाड पीएसपी-१००० वर कधीच चाललं नाही. त्याची मेमरी ३२ एमबी, तर पीएसपी-२००० ची ६४. त्यातही २००० ला मायक्रोफोन वेगळा जोडावा लागतो, ३००० मध्ये तो आतच आहे. आता तर स्काइपच मे २०२५ मध्ये बंद झालं. त्यामुळे जुन्या व्हिडिओत बघून कोणी 'फर्मवेअर टाक, फोन तयार' म्हणत असेल, तर त्यापायी दिवस घालवू नका.

पीएसपीनंतर आलेल्या पीएस व्हिटाच्या थ्री-जी मॉडेलला सिम घालायची जागा आहे, म्हणून पुष्कळजण फसतात. ते सिम फक्त डेटासाठी आहे, त्यावरून साधा कॉल होत नाही. शिवाय जिओकडे थ्री-जी मुळातच नाही.

वायफायवरून बोलायचं ठरवलंत, तर पहिली तक्रार येते ती 'नेटवर्क दिसतं, जोडलं जात नाही' ही. पीएसपीचं वायफाय ८०२.११बी या जुन्या प्रकारचं आहे, आणि त्याला डब्ल्यूपीए-२ ही नंतरची पासवर्ड-सुरक्षा कळत नाही. फायबरच्या नव्या राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेवा, मोड 'बी/जी/एन' असा मिश्र करा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-२ मिश्र ठेवा. जुना निन्टेंडो डीएस याहून मागे आहे, त्याला फक्त डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी सुरक्षा चालते. ती तोडायला काही मिनिटं पुरतात. तेवढ्यासाठी घरचं अख्खं वायफाय उघडं टाकू नका. जुना राउटर वेगळा लावून प्रयोग करा आणि झाल्यावर बंद करा.

हे सगळं जमलं तरी पीएसपी स्लीपमध्ये गेला की वायफाय बंद होतं. म्हणजे तुम्ही कॉल लावाल, पण आईने केलेला कॉल वाजणार नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या नव्या हँडहेल्ड कन्सोलमध्ये बॅटरी वाचवण्याची सेटिंग हेच करते. कॉलिंग अ‍ॅपला त्या सेटिंगमधून वगळा, आणि स्क्रीन बंद करून अर्ध्या तासाने दुसऱ्या फोनवरून कॉल करून बघा. लगेच करून बघितलात तर सगळं ठीकच वाटेल.

मॉड्यूल घेताना

खरा फोन हवा तर सिमचं मॉड्यूल, म्हणजे सिम घालून मोबाइल नेटवर्कशी जोडणारी छोटी पाटी, लागतं. माझं मत स्पष्ट आहे: चालू पीएसपीचं पोट फाडू नका. गेमबॉयसारख्या रिकाम्या खोक्यात रास्पबेरी पाय झिरो हा छोटासा संगणक (पुढे नुसता 'पाय') बसवा, त्यावर गेम चालवा आणि शेजारी मॉड्यूल जोडा. काही बिघडलं तर एक भाग बदलता येतो.

स्वस्तात मिळतं म्हणून सगळे सिम८००एल घेतात. शिकायला ते उत्तम आहे, पण ते फक्त टू-जी आहे. एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएलचं सिम त्यात चालतं, जिओचं कधीच चालणार नाही. त्यात जिओ घालून 'मॉड्यूल खराब निघालं' म्हणत परत पाठवणारे मी पाहिले आहेत. फोर-जी हवं तर सिम७६०० घ्या, पण त्या आकड्यापुढची अक्षरं वाचून घ्या. 'ए-एच' हे मॉडेल अमेरिकेतल्या बँडसाठी, म्हणजे तिथल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांसाठी, आहे. 'ई-एच' मध्ये आपल्याकडे लागणारे ३, ५, ८, ४० आणि ४१ हे बँड आहेत. त्यातही 'नेट चालतं, कॉल लागत नाही' हे दुखणं येतं. जिओवर आवाजाचा कॉल व्होएलटीईवरूनच, म्हणजे फोर-जीच्या डेटावरूनच, जातो, आणि मॉड्यूलच्या फर्मवेअरमध्ये ती सोय चालू नसेल तर डेटा मिळूनही कॉल होत नाही. एअरटेलचं सिम घालून बघा. कॉल टू-जीवर उतरून लागला, तर दोष कुठे आहे ते कळलं.

बँकेचा ओटीपी येतो ते सिम प्रयोगाला वापरू नका. सिमला पिन असेल तर ती आधी साध्या फोनमध्ये घालून काढा.

बॅटरी: इथेच घोडं अडतं

डिचोलीच्या एका मुलाने बनवलेला फोन माझ्याकडे आला होता. सोप्यावर बसून कॉल लावला की लागायचा, माजघरात गेलं की दोन रिंगनंतर मॉड्यूल बंद होऊन परत सुरू व्हायचं. त्याने तीन वेगवेगळी सिम घालून बघितली होती. घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. कारण त्या भिंतींतच होतं, पण वाटतं त्या रीतीने नाही.

रेंज कमी झाली की टॉवर मॉड्यूलला जोर वाढवायला सांगतो. ९०० मेगाहर्ट्झवर तो २ वॅटपर्यंत जातो, आणि त्या क्षणी मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. हा झटका फक्त ५७७ मायक्रोसेकंदांचा असतो, दर ४.६ मिलिसेकंदांनी एकदा. सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. वायर बारीक किंवा लांब असेल, तर तेवढ्या वेळात व्होल्टेज ३.४ च्या खाली जातं आणि मॉड्यूल बंद पडतं. मल्टिमीटर लावलात तर तो निवांत ३.९ दाखवतो, कारण इतकी छोटी घसरण त्याला दिसतच नाही. फर्मागुढीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तसा ऑसिलोस्कोप लावला की मात्र पडलेले खड्डे स्पष्ट दिसतात.

त्या मुलाच्या फोनमध्ये ब्रेडबोर्डच्या केसासारख्या जंपर वायरी होत्या. त्या काढून बॅटरीपासून मॉड्यूलपर्यंत जाड, बोटभर लांबीच्या वायरी डाखल्या, मॉड्यूलच्या पिनांशीच १००० मायक्रोफॅराडचा कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर आणि शेजारी १०० नॅनोफॅराडचा एक बसवला. माजघरातून कॉल लागला.

सिम८००एल पायच्या ५ व्होल्टवर लावू नका, ते जास्त होतात, ३.३ वर लावू नका, ते कमी पडतात. एका सेलची लिथियम बॅटरी थेट द्या आणि पायसाठी व्होल्टेज वाढवणारा वेगळा बूस्टर लावा. दोघांचं ग्राउंड एकच हवं. बॅटरी २ अँपिअर देणारी आणि संरक्षण सर्किट असलेली घ्या. पीएसपीची जुनी १२०० एमएएचची बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबून बसवायचा मोह टाळा आणि ई-कचऱ्यात द्या.

सिम८००एलवरचा दिवा वाचायला शिका. साधारण सेकंदाला एकदा लुकलुकला तर तो नेटवर्क शोधतोय, तीन सेकंदांनी एकदा तर मिळालंय. सात-आठदा लुकलुकून थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तर सिम बदलत बसू नका, वीज बघा.

पाय आणि मॉड्यूल बोलतच नाहीत

एकाची टीएक्स (पाठवणारी) पिन दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) आणि आरएक्स टीएक्सला गेलीय ना, बघा. पायच्या सेटिंगमध्ये सीरियलवरचं लॉगिन बंद आणि सीरियल पोर्ट चालू हवा. मग पायवरून मॉड्यूलला 'एटी' ही आज्ञा पाठवा, 'ओके' यायला हवं. 'एटी+सीएसक्यू' ला रेंजचा ० ते ३१ मधला आकडा येतो. ९९ आला तर अँटेना तपासा. 'एटी+सीआरईजी?' ला ०,१ आलं की नोंदणी झाली. ०,२ म्हणजे शोध चालू, ०,३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं, अशा वेळी सिमचा रिचार्ज बघा. कॉल लावताना नंबरनंतर अर्धविराम द्यायला विसरू नका. तो नसेल तर मॉड्यूल त्याला डेटा कॉल समजतं.

आवाज

कॉल लागला, पण समोरच्याला नुसता गरगर आवाज येतो, ही तक्रार ठरलेली. वरचे झटके सेकंदाला २१७ वेळा येतात आणि माइकच्या वायरींत शिरतात. माइकच्या दोन्ही वायरी पिळून एकत्र न्या आणि अँटेनापासून लांब ठेवा. त्यांतली एक ग्राउंडला जोडू नका, मॉड्यूलला माइकची जोडी स्वतंत्र हवी असते. अँटेना बॅटरीवर किंवा स्क्रीनच्या पत्र्यावर चिकटवू नका. ९०० मेगाहर्ट्झसाठी सरळ तार साधारण ८ सेंटिमीटर लागते.

स्पीकर-माइकची जागा आधी कागदावर आखा. २००३ च्या नोकिया एन-गेजमध्ये बोलताना फोनची कड कानाला लावावी लागायची आणि गेमचं कार्ड बदलायला बॅटरी काढावी लागायची. एवढ्या मोठ्या कंपनीलाही आडव्या आकारात कान आणि तोंड नीट बसवता आलं नाही. आपण सरळ हेडसेट वापरावा.

पावसाळा, कायदा आणि विमानतळ

किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा आणि पाऊसकाळातली ओल यांमुळे सिमच्या आणि बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. कालपर्यंत चालणारं सिम अचानक दिसेनासं झालं तर आधी त्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

मॉड्यूलचा आयएमईआय, म्हणजे ओळखक्रमांक, बदलण्याच्या युक्त्या नेटवर फिरतात. त्यांना हात लावू नका. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ खाली तो गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मॉड्यूल विकत घेतल्यावर 'एटी+जीएसएन' ने क्रमांक वाचा, 'केवायएम', मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा, आणि तो दुसऱ्याच फोनचा निघाला तर मॉड्यूल परत करा.

उघड्या वायरींचं खोकं घेऊन दाबोळी किंवा मोपाला जाऊ नका. आणि चाचणीसाठी ११२ लावू नका, घरातला दुसरा नंबर लावा.